सुताला विचारून पेटणारी चूल

पार्बतावहिनी सकाळी उठल्या की चुलीकडे जात नसत. आधी मागाकडे जात. पवनीच्या आमच्या गल्लीत तेव्हा घरोघरी हातमाग होते, आणि वहिनींचा माग पुढच्याच खोलीत, जमिनीत खड्डा करून बसवलेला होता. मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांवरून, म्हणजे ताण्यावरून, त्या उजव्या हाताची चार बोटं आडवी फिरवत. मग एखादा धागा अंगठ्यानं हलकेच छेडत आणि मान तिरकी करून क्षणभर थांबत. तेवढं झालं की पदर खोचून आत. त्या दिवशी घरात काय शिजणार हे तोवर ठरलेलं असे.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाई मागाच्या पाया पडते आहे. कामाच्या हत्याराला नमस्कार करायची पद्धत आपल्याकडे आहेच. पुढं बऱ्याच दिवसांनी खरा प्रकार कळला. ताण्याचं सूत टिकावं म्हणून विणकर त्याला तांदळाच्या कण्यांची खळ पाजतात. हवेत ओल असली की ही खळ मऊ पडते आणि धागा बोटाला किंचित धरतो. हवा कोरडी होऊन तापणार असली की धागा कडक होतो, छेडला तर वाजतो, आणि दुपारी मागावर तटातट तुटतो. हे गल्लीतल्या प्रत्येक विणकराला ठाऊक होतं. पण ते सगळे त्यावरून फक्त कापडाचा विचार करत. वहिनी त्यावरून पोटाचा विचार करत.

धागा मऊ लागला की कण्यांची गरम पेज, वर लसूण-जिऱ्याची फोडणी, आणि जवसाची चटणी. धागा वाजला की ताकातली आंबील आणि कच्चा कांदा. सकाळी मऊ आणि उन्हं चढताच कडक, असं असलं की सकाळी एक आणि दुपारी एक. त्यात त्या कधी चुकल्याचं मला आठवत नाही. एवढ्या वर्षांत एकदाही नाही.

"उन्हाळ्यात सूत रोज एकच गोठ सांगते," त्या म्हणत, "पावसाळ्यात बी एकच. पर फागुन म्हंजे घरी आलेला जावई. सकाळी हासते, दुपारी रुसते. त्याले विचारूनच वाढा लागते."

मी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. माझ्या नावावर एक पुस्तक आहे. त्याचं नाव 'बदलत्या हवेतला आहार'. त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या, त्यासाठी माझे सत्कार झाले, आणि अजूनही कधी बाजारात कोणी ओळखीचं भेटलं की पाहुण्याला सांगतं, हे ते आंबीलवाले गुरुजी. त्या पुस्तकातला एकही पदार्थ माझा नाही. सगळे पार्बतावहिनींचे आहेत. हे मी गेल्या वर्षापर्यंत कुठंही लिहिलं नव्हतं. आज सविस्तर लिहितो आहे. मात्र हा लेख माझ्याबद्दल नाही, त्यांच्याबद्दल आहे, म्हणून माझ्या अपराधाला लागेल तेवढीच जागा देतो.

पवनीला माझी प्राथमिक शाळेत बदली झाली तेव्हा माझं लग्न होऊन वर्षच झालं होतं. मालती वर्धेकडची. तिला भाकरीची सवय, इकडे दोन्ही वेळा भात. घर मिळालं ते विणकरांच्या गल्लीत, दशरथभाऊ आणि पार्बतावहिनी यांच्या भिंतीला भिंत लागून. भिंत कसली, कुडाचीच होती, दोन्हीकडून मातीनं लिंपलेली. दशरथभाऊंच्या मागाचा खटका आमच्या घरात इतका स्वच्छ ऐकू येई की पहिला आठवडाभर मालतीला झोपच लागली नाही. मग अशी सवय झाली की माग थांबला की तिला जाग येऊ लागली.

त्याच वर्षीच्या फाल्गुनात ती आजारी पडली. सकाळी वैनगंगेवरून गार वारा, दुपारी डोकं तापवणारं ऊन, संध्याकाळी ढग. सर्दी, कणकण, तोंडाला चव नाही. तिसऱ्या दिवशी मागच्या दारातून एक बाई विचारल्याशिवाय आत आली. उंच, काळीसावळी, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात झाकलेलं भगुनं. तिनं मालतीच्या कपाळाला हात लावला नाही. आमच्या दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्याचा काठ बोटात धरला, चोळून पाहिला, आणि म्हणाली, "अजून दोन दिस असंच राह्यते. तवरीक भात देऊ नोको तिले, गुर्जी. पेज दे."

मला 'दे' म्हणणारी ती त्या गावातली पहिली व्यक्ती. नंतर त्या मला 'तुमी' म्हणू लागल्या, पण तो मान मला मिळायला चार महिने लागले. मालतीला मात्र त्या शेवटपर्यंत 'मालू' म्हणाल्या.

पेज साधी होती. कण्या, मीठ, लसूण, जिरं, वरून तुपाचा थेंब. पण कण्या आधी कोरड्याच तव्यावर जराशा भाजल्या होत्या. मालती ती दोन वाट्या प्यायली आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तिनं पांघरूण बाजूला केलं. त्या दिवसापासून आमच्या घरचा स्वयंपाक हळूहळू वहिनींच्या हाताखाली गेला. मालती तिथं शिकली, आणि मी जेवलो.

शिकवण्याची त्यांची पद्धत विचित्र होती. वाटी, चमचा, मिनिटं यांतलं काहीही त्या मोजत नसत. शिजवण्याचा वेळ त्या कापडावर मोजत. चुलीवर डाळ ठेवली की पुढच्या खोलीकडे ओरडून सांगत, एवढं वीतभर झालं की सांगा. दशरथभाऊंचं वीतभर कापड विणून झालं की ते म्हणत, "झालं वो." की डाळ उतरली. भाताला चार बोटं कापड लागे. कढीला पंच्याच्या किनारीपुरतं. भाऊंनी मध्येच विडी ओढायला माग थांबवला तर वहिनी आतून म्हणत, "भात कच्चा ठेवाचा हाय का?" भाऊ विडी विझवत. त्यांच्या घरी विडीनं कोणाचं काय बिघडलं असेल ते असो, भात मात्र कधी बिघडला नाही.

मात्र दुपारी माग भाऊंचा नसे. जेवणं उरकली की वहिनी स्वतः खड्ड्यात पाय सोडून बसत आणि दिवस मावळेपर्यंत विणत. आडव्या सुताचा धोटा असा फेकत की तो जाताना दिसतच नसे. त्यांच्या हातचं कापड बाजारात वेगळं ओळखू येई. काठ कुठंही आत ओढलेला किंवा सैल सुटलेला नसे, सरळ रेषेत उतरलेला असे. एका व्यापाऱ्यानं एकदा भाऊंना विचारलं होतं, हे कोणी विणलं. भाऊ हसून म्हणाले, माह्या मालकानं. मग वहिनींकडे बोट दाखवलं. हे भाऊंनी मला सांगितलं तेव्हा वहिनी बाजूलाच सुताच्या कांड्या भरत होत्या. त्या दिवशी रात्रीच्या जेवणात भाऊंना पहिल्या वाढपालाच तूप जास्त पडलं.

'छान झालंय' हा शब्द त्यांना आवडत नसे. छान म्हणजे काय, असं त्या विचारत. पोट हलकं झालं का, घाम आला का, झोप लागली का, ते सांगा. मालतीनं एकदा भाजीत सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, घालायची राहिली म्हणून माफी मागितली, तर म्हणाल्या की सांबार डोळ्यासाठी असतो, तो विसरला तर चालते. मीठ विसरलं तरी चालते, वरून घेता येते. हवा विसरू नोको, ती वरून घेता येत नाही.

आता मला माझ्याकडे यावं लागेल.

एका फाल्गुनात शाळेची तपासणी होती. शिक्षण खात्यातले मोठे अधिकारी येणार, त्यांचं जेवण माझ्या घरी. मालती बाळंतपणासाठी माहेरी गेलेली. मी वहिनींना विनंती केली, त्या लगेच हो म्हणाल्या. मी स्वतः बेत ठरवला होता: पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंड. मोठ्या माणसाला मोठं जेवण. चक्का आदल्या दिवशी मीच आणून टांगला होता. सकाळी आकाश धुतल्यासारखं निळं, ऊन चकचकीत. सात वाजता वहिनी मागच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, श्रीखंड नोको. मी विचारलं, काहून? त्या म्हणाल्या, सूत बोटाले धरून राह्यलं.

मी बराच वाद घातला. निळ्या आभाळाकडे बोट दाखवलं. त्या ऐकून घेत होत्या, आणि मी बोलत असतानाच त्यांनी चण्याची डाळ जाडसर वाटायला घेतली होती. शेवटी मी चिडून शाळेत गेलो.

साडेबाराला आभाळ भरून आलं. एक वाजता गारा पडायला लागल्या, शाळेच्या कौलांवर कोणी भांडी फेकतंय असा आवाज. अधिकारी आणि त्यांचे दोन कारकून शाळेतून माझ्या घरी येईपर्यंत चिंब झाले, दात वाजत होते. ओसरीवर पाट मांडले होते. वहिनींनी ताटात गोळाभात वाढला. मोकळा भात, त्यात वाटल्या डाळीचे वाफवलेले तिखट गोळे, वरून हिंग आणि लाल मिरचीची तडतडती फोडणी. शेजारी वाफ निघणारी कढी. अधिकाऱ्यांनी तिसऱ्यांदा कढी मागितली, मग चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले, "गुरुजी, इतकं नेमकं जेवण मी फार वर्षांनी जेवलो. हवा बघून केलंय कोणी. कोणाची पद्धत?"

आत, कुडाच्या पलीकडे, कढीत पळी फिरत होती.

मी म्हणालो, "आमच्या घरचीच, साहेब. आईच्या हातची."

माझी आई मी सहा वर्षांचा असताना गेली. मी वसतिगृहात वाढलो. तिच्या हातची चव मला आठवत नाही. हे खोटं मी का बोललो याचा मी खूप विचार केला आहे, आणि उत्तर सरळ आहे. माझ्या घरचं जेवण शेजारच्या विणकराच्या घरून येतं, मी, शाळेचा गुरुजी, विणकरणीकडून जेवण शिकतो, हे त्या साहेबांसमोर सांगायला मला कमीपणा वाटला. बस, एवढंच. पळी थांबली नाही, म्हणून मी स्वतःला समजावलं की वहिनींना ऐकू गेलं नसेल.

त्या साहेबांनीच पुढं मला एका साप्ताहिकात लिहायला सुचवलं. बदलत्या हवेत काय खावं, असा लेख. एक लेख लिहिला, मग दर आठवड्याला लिहू लागलो. कण्यांची पेज, गोळाभात, लाखोळी डाळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी, आंबील, ताकातला भाजका कांदा. सगळं मालतीला विचारायचं, मालती वहिनींना विचारून यायची. वीतभर कापडाची मी मिनिटं केली. मूठभराची वाटी केली. ताण्यावर फिरणारा हात मात्र एकाही लेखात नव्हता. तो लिहिला असता तर विणकराचं घर लिहावं लागलं असतं. लेखांचं पुस्तक झालं. आभारात मी लिहिलं, 'पत्नी सौ. मालती हिचे सहकार्य लाभले.' मालतीनं ते वाचलं आणि पुस्तक माझ्यासमोर ठेवून विचारलं, मला कशाला गोवलंत यात? त्यानंतर तिनं ते पुस्तक हातात धरलं नाही.

भंडाऱ्याला सत्कार झाला, शाल आणि नारळ. परत येताना तो नारळ मी वहिनींना दिला. त्यांनी विचारलं, कायचा नारळ? मी म्हणालो, शाळेतला कार्यक्रम होता. त्यांनी तो फोडला, खोबऱ्याचे तुकडे केले, आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी नेऊन दिले. दारोदारी सांगितलं, आपल्या गुर्जीच्या शाळेचा परसाद. एक तुकडा माझ्याही घरी आला. तो माझ्याच्यानं खाल्ला गेला नाही.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी वहिनींच्या मुलाचं लग्न झालं. सून साकोलीची, सुनीता, दहावी शिकलेली. तिच्या ट्रंकेत माझं पुस्तक होतं. माहेरी त्यांनी विकत घेतलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच फाल्गुनात सासूला खूश करावं म्हणून तिनं पुस्तकात पाहून आंबील केली. 'पीठ ताकात कालवून रात्रभर ठेवावे', असं मी लिहिलं होतं. रात्र उकाड्याची निघाली आणि सकाळी आंबील इतकी आंबली की तोंडाला लावता येईना. वहिनींनी विचारलं, कोणी सांगितलं असं? सुनीतानं पुस्तक दाखवलं. वहिनींना वाचता येत नव्हतं. त्यांनी सगळं पुस्तक सुनेकडून वाचून घेतलं. तीन दुपारी लागल्या. माग तीन दुपारी बंद होता. मला ते भिंतीपलीकडून कळत होतं, आणि का बंद आहे हे कळत नव्हतं.

चौथ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. पुस्तक पाटावर होतं. सुनीता दारात उभी, एकदा माझ्याकडे, एकदा सासूकडे बघत होती. मी बसलो. आता विचारणार, असं वाटलं.

वहिनींनी पुस्तकावर बोट ठेवलं. म्हणाल्या, "गुर्जी, याच्यात हवा कुठी हाय?"

मी पुस्तक उघडून आंबिलीचं पान काढलं.

"फागुनात पीठ केव्हा कालवाचं ते सूत सांगते," त्या म्हणाल्या. "सूत वाजलं त दिवा लागल्यावर. मऊ असन त दुपारीच, आन् चुलीजवळ ठेवाचं. तुमी रातभर लिवून ठेवलं. लोकाइची आंबील खराब होऊन राह्यली."

नावाबद्दल एक शब्द नाही. आईच्या हातच्या चवीबद्दलही नाही. त्यांना राग होता तो एवढाच, की साकोलीपासून कुठल्या कुठल्या घरांत त्यांची आंबील चुकीची होते आहे. मी म्हणालो, छापताना राहून गेलं. सुनीतानं मान खाली घातली. ती वाचलेली मुलगी होती, तिला कळलं. वहिनींनी पुढच्या वेळी नीट लिवा म्हणून सांगितलं आणि मागावर जाऊन बसल्या.

पुढच्या आवृत्तीत मी 'रात्रभर' ऐवजी 'हवामानानुसार' असं लिहिलं. तेवढा एकच शब्द. त्यातही माझाच मान राखला.

वर्षं गेली. गल्लीतले माग एकेक करून बंद पडले. दशरथभाऊ गेले. मुलगा गोसीखुर्द धरणाकडे मासळीच्या कामाला लागला. माग खोलून त्याची लाकडं काही दिवस परसात पडून होती, मग कुठं गेली कोण जाणे. मी निवृत्त होऊन भंडाऱ्याला मुलाकडे राहायला आलो. मालती आजारी पडली तेव्हा शेवटच्या दिवसांत दवाखान्यातला भात तिला जाईना. पेज मागायची, आणि मी केलेली पेज प्यायल्यावर म्हणायची, कण्या भाजल्या नाहीत. एकदा म्हणाली, वहिनींचं नाव टाका हो. मी हो म्हणालो. तिला जाऊन आता सहा वर्षं झाली.

गेल्या वर्षी प्रकाशकाचा फोन आला, पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची आहे, प्रस्तावना लिहा. मी प्रस्तावना लिहिली, चार वेळा फाडली, आणि पाचवी घेऊन फाल्गुनात सकाळच्या बसनं पवनीला गेलो.

घर तेच, पत्रे नवे. माग होता त्या खोलीत आता टीव्ही आणि एक पलंग. खड्डा बुजवून वर फरशी घातलेली. वहिनी पलंगावर बसल्या होत्या, नव्वदीच्या आसपास, वाळून लहान झालेल्या, पण कुंकवाच्या जागी आता नुसतं कपाळ असलं तरी मान तशीच ताठ. मला ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. सुनीतानं चहा आणला. तिचेही केस पांढरे व्हायला लागले होते.

आणि मग मला ते दिसलं. खिडकीच्या गजापासून दाराच्या चौकटीतल्या खिळ्यापर्यंत एक पांढरा धागा ताणून बांधलेला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कपाळाच्या उंचीवर. मी वाकून आत आलो होतो, पण का वाकलो हे कळलं नव्हतं. सुनीता म्हणाली, दर पंधरा दिवसांनी आई कण्या शिजवून त्याला नवी खळ पाजतात. घरातले सगळे वाकून जातात. नातवाचं डोकं कितीदा त्यात अडकलं.

मी कागद काढला आणि वाचायला लागलो. गोळाभाताच्या दिवसापासून सगळं. साहेब, गारा, आईच्या हातची म्हणून सांगितलेलं खोटं, शाल, नारळ. त्यांनी दोनदा मला थांबवलं, दोन्ही वेळा दुरुस्तीसाठी. गोळ्यांत हळद नाही, हळदीनं गोळा फुटते. आणि त्या दिवशी गारा एकला नाही, त्याआधीच पडायला लागल्या होत्या, कारण भाऊंचं भाताचं चार बोटं कापड तेव्हा व्हायचं होतं.

वाचून झालं. मी विचारलं, "वहिनी, मी तेव्हा आईचं नाव घेतलं ते तुम्हाला कळलं होतं?"

"कुडाची भित होती, गुर्जी. काहून नाई आयकू येन?"

"मग काही बोलल्या का नाहीत?"

"तुमी जेवून राह्यले होते," त्या म्हणाल्या. "जेवत्या मानसाले टोकत नाई." मग डोळे बारीक करून हसल्या. "पर तुमचं जेवन लयच लांबलं, बाप्पा."

सुनीता पदर तोंडाला लावून आत गेली. मला हसू येत होतं की रडू ते माझं मलाच कळेना.

मग त्यांनी शेवटची ओळ पुन्हा वाचायला सांगितली. ती अशी होती: 'या पुस्तकातला प्रत्येक पदार्थ उत्तम सुगरण श्रीमती पार्बताबाई यांचा आहे.' त्यांनी सुगरण या शब्दावर हात आडवा केला.

"हे काढा," म्हणाल्या. "सयपाक त साऱ्याच बाया करतेत. मी विणकरीन आहो. विणकरीन लिवा."

मी कागद मांडीवर ठेवून तिथंच खोडलं आणि लिहिलं. ज्या शब्दापायी मी चाळीस वर्षं खोटं बोललो, तोच त्यांना स्वतःसाठी हवा होता. मी वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं, आणि पाय खाली सोडून हळूहळू उठल्या. सुनीतानं दुपारच्या जेवणात माझ्यासाठी ताकभात केला होता, बाहेर ऊन मी म्हणत होतं. वहिनी भिंतीला धरत धरत धाग्यापाशी गेल्या. चार बोटं त्यावर फिरवली. अंगठ्यानं छेडला. मान तिरकी केली. मग आत वळून सुनेला कढी ठेवायला सांगितली.

मी कढी-गोळे जेवून निघालो. बस अड्याळच्या पुढं गेली तेव्हा पाऊस सुरू झाला.

नवी आवृत्ती आली ती दिवाळीत. त्या तोवर भाद्रपदातच गेल्या होत्या. मी पुस्तक पवनीला नेऊन दिलं. सुनीतानं पहिलं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, 'विणकरीण पार्बताबाई', आणि पुस्तक टीव्हीवर सगळ्यांना दिसेल असं उभं ठेवलं. धागा खिडकीपासून चौकटीपर्यंत तसाच होता, नवी खळ पाजलेला.

पण मला वहिनी दिसतात त्या शेवटच्या भेटीच्या फाल्गुनातल्या. रिक्षा वळणावर आली तेव्हा मी मागं पाहिलं. त्या दारात उभ्या होत्या, एक हात चौकटीला, दुसरा धाग्यावर. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. बोटं पुन्हा फिरत होती. संध्याकाळी काय करायचं हे ठरत होतं.